दोन खांबांमध्ये ताणलेली पट्टी

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला असताना आमच्या अभ्यासक्रमात बेडकाच्या हृदयाचे प्रात्यक्षिक होते. आमच्या आधीच्या तुकड्यांनी ते खरोखर केले होते: साइम्स कॅन्युला ही बारीक नळी शिरेत बसवायची, रिंगरचे क्षारयुक्त द्रावण सोडायचे, हृदयाच्या टोकाला आकडा लावून तरफेची सुई काजळी धरलेल्या ड्रमला टेकवायची आणि ॲड्रेनॅलिनचा थेंब पडला की काळ्यावर उमटणारी पांढरी रेघ कशी उंचावते ते पाहायचे. आमच्या वेळेपर्यंत प्राण्यांवरील प्रात्यक्षिकांवर निर्बंध आले होते, त्यामुळे आम्ही तोच प्रयोग संगणकावर बटण दाबून उरकला आणि जर्नलमध्ये पेन्सिलीने आलेख काढून गुण मिळवले. पुढे जर्मनीतील एका विद्यापीठात पीएच.डी.साठी रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी मला इन्क्युबेटरच्या काचेआड, सेंटिमीटरभरही लांब नसलेली, फिकट गुलाबी, आपोआप आकुंचन पावणारी मानवी हृदयस्नायूची पट्टी दाखवण्यात आली, तेव्हा मला आठवला तो पेन्सिलीने काढलेला आलेख. ही पट्टी बनवायला शिकण्यात माझे दीड वर्ष गेले, आणि तिने दाखवलेल्या आकड्यांपैकी कोणत्यावर विश्वास ठेवायचा हे शिकण्यात त्याहून जास्त.

असा खटाटोप का करावा लागतो, हे आधी सांगायला हवे. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते, आणि प्रत्येक ठोक्यानंतर पेशी ज्या पोटॅशियम प्रवाहांच्या जोरावर पूर्वस्थितीला येते ते प्रवाह उंदरात आणि माणसात एकसारखे नसतात. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध जगभर वापरात होते. काही रुग्णांत ते हृदयाची लय जीवघेण्या प्रकारे बिघडवते हे स्पष्ट झाल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून ते गेले. एचईआरजी या पोटॅशियम वाहिनीला ते अटकाव करत होते, आणि प्रौढ उंदराच्या हृदयात या वाहिनीची भूमिका नगण्य असते. मग माणसाच्याच पेशी वापराव्यात, तर त्या मिळवायच्या कोठून? शस्त्रक्रियेत निघालेला तुकडा फार काळ टिकत नाही आणि प्रौढ हृदयपेशी ताटलीत वाढत नाहीत. आपल्या हृदयात वर्षाकाठी एक टक्क्याहूनही कमी पेशी नव्याने तयार होतात. ही कोंडी शिन्या यामानाका यांच्या कामाने फुटली. चार जनुके घालून प्रौढ पेशीला पुन्हा मूलपेशीच्या, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशीच्या, अवस्थेत नेता येते, हे त्यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या पेशींत दाखवले, आणि २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. अशा मूलपेशींना आम्ही बोलताना आयपीएस म्हणतो. पट्टीची कल्पना त्याहून जुनी आहे: थॉमस एशेनहागेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली कोंबडीच्या भ्रूणातील हृदयपेशी कोलॅजेनमध्ये गुंफून त्यांच्या आकुंचनाचे बल मोजले होते. पुढे हॅम्बुर्गमध्ये कोलॅजेनच्या जागी फायब्रिन, म्हणजे रक्ताच्या गुठळीतले तंतुमय प्रथिन, आले आणि पट्टी सिलिकॉनच्या लवचिक खांबांवर ताणली जाऊ लागली. आमची पद्धत त्याच घराण्यातली.

माझ्या वाट्याला आलेला प्रश्न हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आनुवंशिक आजाराचा होता. साधारण पाचशे माणसांत एकाला होणाऱ्या या आजारात हृदयाची भिंत जाड होते, ते जोरात आकुंचन पावते आणि नीट सैलावत नाही. त्यास कारणीभूत ठरणाऱ्या जनुकांत एमवायबीपीसी३ अग्रभागी आहे. त्यापासून बनणारे प्रथिन मायोसिनला, म्हणजे स्नायू आकुंचवणाऱ्या प्रथिनाला, आवर घालते, आणि ते कमी पडले की आवर सुटतो. प्रयोगशाळेत अशा एका रुग्णाच्या पेशींपासून बनवलेली मूलपेशींची वाण होती, आणि तिच्यातीलच तो एक दोष क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने दुरुस्त करून घेतलेली दुसरी. दोन्हींचा बाकी सारा जनुकीय मजकूर सारखा असल्यामुळे पट्ट्यांमध्ये फरक दिसला तर तो त्या दोषाचाच, असे गृहीत धरता येते. निदान कागदावर तरी.

मूलपेशी सांभाळणे म्हणजे तान्ह्या मुलाची उस्तवार आहे. त्यांचे माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रव, रोज बदलावे लागते, रविवारी आणि सणावारीही, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी सलग तीन वर्षे संध्याकाळी हूडपुढे, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापुढे, बसलेली असे. वसाहती दाट झाल्या की पेशी मनाने वाटेल त्या दिशेला जातात. त्यांना हृदयाच्या वाटेवर वळवण्याची कृती ऐकायला सोपी आहे: भ्रूणात हृदय घडताना डब्ल्यूएनटी नावाची संदेशयंत्रणा आधी जागी होते आणि मग दबते, तेच आम्ही दोन रसायनांनी घडवतो. पहिल्या दिवशी एक रसायन तिला जागे करते, तीन दिवसांनी दुसरे तिला झोपवते, आणि सगळे जमले तर आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ताटलीच्या तळाशी हालचाल दिसू लागते. प्रत्यक्षात पहिल्या रसायनाची मात्रा थोडी इकडेतिकडे झाली किंवा सुरुवातीला पेशी विरळ पेरल्या गेल्या, तर दहाव्या दिवशी ताटलीत फक्त तरंगता कचरा उरतो. माझ्या पहिल्या सहा खेपांपैकी चार अशाच गेल्या. दोष रसायनांत नव्हता, माझ्या मोजणीत होता: पेशी सुट्या करून मोजेपर्यंत नळीच्या तळाशी बसत आणि मी वरचे पातळ द्रावण मोजून पुढची सगळी गणिते करत असे. नळी दोनदा हलकेच उलटी-सुलटी करायची, एवढाच त्यावर उपाय होता, आणि तो कोणत्याही लिखित कृतीत नव्हता, कारण लिहिणाऱ्यांच्या हाताला तो इतका सरावाचा होता की त्यांना तो लिहिण्याजोगा वाटलाच नसावा.

हृदयपेशी मिळाल्या की ओतकामाचा दिवस येतो, आणि या सबंध प्रक्रियेत मला तोच सर्वांत आवडतो. चोवीस खळग्यांच्या प्लेटमध्ये गरम ॲगारोज, म्हणजे थंड झाल्यावर जेलीसारखे घट्ट होणारे द्रव्य, ओतायचे, त्यात टेफ्लॉनचे चौकोनी दाते उभे करायचे, ॲगारोज घट्ट झाले की दाते उचलून घ्यायचे. मागे अरुंद आयताकृती खाच उरते. त्या खाचेत वरून सिलिकॉनच्या पट्टीला लोंबकळणारे दोन बारीक खांब उतरवायचे. मग बर्फावर पेशी, फायब्रिनोजेन आणि बाकीचे मिश्रण एकत्र करायचे. एका पट्टीला दहा लाख पेशी, म्हणजे एका प्लेटला दोन कोटी चाळीस लाख, आणि प्रत्येक पट्टीचे आकारमान अवघे १०० मायक्रोलिटर. सर्वांत शेवटी थ्रॉम्बिन. रक्त गोठवणाऱ्या या विकराने फायब्रिनोजेनचे फायब्रिन होते, म्हणजे हे आमचे विरजण. फरक इतकाच की दह्याला रात्र लागते आणि याला काही सेकंद. म्हणून थ्रॉम्बिन सगळ्या मिश्रणात एकदम घालता येत नाही. प्रत्येक पट्टीसाठी वेगळ्या छोट्या नळीत त्याचा थेंब ठेवलेला असतो, त्यावर मिश्रण सोडायचे, पिपेटने दोनदा वरखाली करायचे आणि बुडबुडा न येऊ देता खाचेत दोन्ही खांबांना वेढेल असे ओतायचे. तिसऱ्यांदा वरखाली केलेत तर पट्टी पिपेटच्या टोकातच गोठते. माझ्या पहिल्या प्लेटमध्ये अशा सात पट्ट्या टोकात गेल्या. ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई माझ्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नव्या टोकांचा डबा माझ्या हाताशी सरकवला.

दोन तास ऊबेत ठेवल्यावर खरवसासारखी थरथरणारी पट्टी तयार होते. खांबांसकट ती अलगद उचलून ताज्या माध्यमात ठेवायची, की ओतकाम संपले. त्यानंतर सोमवार, बुधवार, शुक्रवार माध्यम बदलायचे आणि वाट पाहायची. या माध्यमात ॲप्रोटिनिन असावे लागते, कारण पेशी फायब्रिनचा सांगाडा हळूहळू विरघळवतात आणि हे द्रव्य त्याला आळा घालते. एका खेपेस मी माध्यम बनवताना ते घालायचेच विसरले. पहिले काही दिवस सगळे उत्तम दिसत होते, किंबहुना ठोके नेहमीपेक्षा आधी सुरू झाल्यासारखे वाटले म्हणून मी खूशही होते. मग पट्ट्या मधोमध बारीक होत गेल्या आणि एका शुक्रवारी सकाळी चोवीसपैकी एकोणीस तुटून खांबांना चिकटलेल्या गाठी होऊन बसल्या होत्या. त्या गाठी मात्र तशाही आकुंचन पावत होत्या.

नीट जमलेली पट्टी पहिल्या आठवड्यात ठिकठिकाणी विस्कळीत फडफडते, आणि नंतर एखाद्या दिवशी ती सबंध एकदम आकुंचन पावू लागते. खांब लवचिक असल्याने प्रत्येक ठोक्याला आत झुकतात आणि पुन्हा सरळ होतात. त्या ताणाविरुद्ध काम करता करता पेशी लांबट होतात आणि खांबांच्या दिशेने ओळीने मांडल्या जातात. खांब किती झुकला ते कॅमेरा टिपतो आणि सिलिकॉनचा ताठरपणा माहीत असल्याने त्यावरून बल काढता येते. बेडकाच्या हृदयाची तरफ आणि काजळीचा ड्रम यांचेच हे नातवंड आहे. बल येते ते ०.१ ते ०.२ मिलिन्यूटनच्या घरात, म्हणजे तांदळाचा एक दाणा तोलून धरायला पुरेल न पुरेल इतके.

पट्टीचा पहिला व्हिडिओ मी आईला पाठवला. तिने तो पाहून लगेच फोन केला आणि विचारले, "अगं, पण हे कोणाचं आहे?" मला वाटले होते ती विचारेल की हे जिवंत आहे का, किंवा याला दुखते का, प्रयोगशाळा पाहायला येणारे बहुतेक जण तेच विचारतात, आणि त्याचे उत्तर सोपे आहे, की पट्टीत चेतातंतू नाहीत, मेंदू नाही, हे हृदय नसून स्नायूचा तुकडा आहे. आईच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे एक सांकेतिक क्रमांक सोडून काही नव्हते. पेशी देणाऱ्याने लेखी संमती दिलेली असते आणि त्याचे नाव आम्हाला कळू नये अशीच व्यवस्था असते, हे मी सांगितले. "त्याला कळवता का, काय सापडलं ते?" तिने पुढे विचारले. याचेही उत्तर संमतिपत्रात काय लिहिले आहे त्यावर ठरते. तोवर ते पत्र मी वाचलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मागून वाचले.

आजाराकडे वळण्याआधी पट्टी ओळखीच्या औषधांना ओळखीचा प्रतिसाद देते का, हे तपासावे लागते. ॲड्रेनॅलिनसारख्या आयसोप्रेनालिनने ठोके वाढायला हवेत आणि सैलावणे वेगवान व्हायला हवे. व्हेरापामिलने बल घटायला हवे. एचईआरजी वाहिनी बंद करणाऱ्या द्रव्याने ठोका लांबायला आणि मात्रा वाढवत नेल्यास लय बिघडायला हवी. यांत व्हेरापामिलचे उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटते. तेही एचईआरजी वाहिनी अडवते, त्यामुळे एकेका वाहिनीवर औषध तपासणाऱ्या चाचणीत ते धोकादायक ठरावे. पण ते कॅल्शियम वाहिनीलाही अडवते, दोन्ही परिणाम एकमेकांना सावरतात, आणि रुग्णांत ते तसा लयबिघाड करत नाही. सुट्या वाहिनीत हा समतोल दिसत नाही, सबंध पेशी असलेल्या पट्टीत दिसतो. हे काम करताना नळ्यांवरची नावे दुसऱ्या सहकाऱ्याने झाकून केवळ अंक लिहायचे, हा आमचा नियम आहे. आयसोप्रेनालिन कोणते ते पाहताक्षणी ओळखू येते हे खरे, पण नियम नियमच.

मग आजाराची वाण आणि दुरुस्त केलेली वाण यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी मोजायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच खेपेस माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. रुग्णाच्या पट्ट्या सैलावायला ठळकपणे जास्त वेळ घेत होत्या. रुग्णांच्या हृदयात जे दिसते तेच खांबांमध्ये दिसत होते. चौथ्या खेपेसही तेच, पाचव्या खेपेसही तेच. मार्गदर्शक प्राध्यापकांना आलेख दाखवले, त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि मी लेखाचा मसुदा लिहायला घेतला.

चूक पकडली ती त्या तंत्रज्ञ बाईंनी, तीही वेगळ्याच कारणाने. मोजणीच्या पेटीचा हीटर बदलायचा म्हणून त्या सकाळी लवकर आल्या होत्या आणि त्यांनी पेटी चालू केल्यापासून दर पाच मिनिटांनी आतल्या प्लेटमधल्या माध्यमाचे तापमान लिहून ठेवले होते. पेटीवरचा आकडा ३७ दाखवू लागल्यानंतरही माध्यम बराच वेळ ३४ अंशांच्या आसपास रेंगाळत होते. तो कागद पाहून मी माझी वही उघडली. प्रत्येक खेपेस मी रुग्णाच्या पट्ट्या सकाळी सर्वांत आधी मोजल्या होत्या आणि दुरुस्त केलेल्या त्यानंतर, निव्वळ सवयीने, कारण रॅकमध्ये त्या तशाच क्रमाने ठेवलेल्या असत. स्नायू थंड असेल तर सावकाश सैलावतो, हे बी.फार्म.चा विद्यार्थीही सांगेल. तापमान कमी असल्याने एरवी ठोक्यांची गतीही मंदावली असती आणि मला संशय आला असता. पण तुलना रास्त व्हावी म्हणून मी सगळ्या पट्ट्यांना विजेचे स्पंदन देऊन मिनिटाला ९० ठोक्यांवर बांधून ठेवले होते. म्हणजे जी खबरदारी घेतल्याचा मला अभिमान होता, तिनेच माझ्या चुकीचा पुरावा झाकला होता. औषधांच्या नळ्यांवरची नावे आम्ही झाकत होतो, आणि पट्ट्या कोणत्या ते मात्र उघड्या डोळ्यांनी क्रमाने मोजत होतो.

सगळे पुन्हा करावे लागले. त्यात सात महिने गेले. दोन्ही वाणींच्या पट्ट्या एकाच प्लेटमध्ये मिसळून ओतल्या, कोणती कोठे आहे ते दुसऱ्याने ठरवले, आणि प्रत्येक खेपेतील हृदयपेशींचे प्रमाण ट्रोपोनिन या हृदयस्नायूतील प्रथिनाच्या चाचणीने तपासून ठरावीक प्रमाणाखालच्या खेपा बाद केल्या. फरक उरला, पण पहिल्या आलेखांत होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तो खरा आहे असे मला आज वाटते. मायोसिनचा जोर कमी करणारे मॅव्हाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत २०२२ साली या आजारासाठी मंजूर झाले. ते दिल्यावर दोन्ही वाणींच्या पट्ट्यांचे बल मात्रेनुसार घटते, आणि हे अपेक्षेप्रमाणेच आहे.

या पट्ट्यांच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. आमच्या हृदयपेशी वयाने कोवळ्या असतात, जन्माआधीच्या हृदयाशी मिळत्याजुळत्या. प्रौढ पेशी विटेसारखी लांबट असते, मेदाम्लांवर चालते आणि इशारा मिळेपर्यंत स्वस्थ असते; आमची पेशी साखरेवर चालते आणि स्वतःहून धडधडते. मेदाम्ले देणे, आठवड्यागणिक वाढत्या गतीचे विद्युत्स्पंदन देणे, जास्त काळ वाढवणे, यांनी ती थोडी प्रौढ होते, पूर्ण नाही. शिवाय रक्तवाहिन्या नसल्याने पट्टी जाड करता येत नाही. प्राणवायू एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडे पुरेसा झिरपत नाही आणि गाभा मरतो. चाळिशीत प्रकट होणारा आजार सहा आठवड्यांच्या पट्टीत किती दिसावा, हा प्रश्न प्रत्येक परिषदेत कोणीतरी विचारते आणि विचारायलाच हवा.

तरीही कायद्याने या पट्ट्यांसाठी दार उघडले आहे. औषधाच्या मानवी चाचणीआधी प्राण्यांवरील चाचणी सक्तीची असल्याची तरतूद अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये बदलली, आणि भारतानेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवर आधारित पर्यायांना जागा दिली. आपल्याकडे या जनुकाचे महत्त्व वेगळेच आहे. एमवायबीपीसी३ मधील २५ अक्षरे गळालेला एक प्रकार भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. केवळ ती गळती आजार घडवते की तिच्यासोबत त्याच गुणसूत्रावर वारशाने येणारे दुसरे बदल, यावर पुढे बराच खल झाला. चार टक्के म्हणजे माझ्या बी.फार्म.च्या साठ जणांच्या वर्गात दोघे-तिघे. त्या गळतीच्या पट्ट्या, सोबतच्या बदलासह आणि त्याविना, ओतायच्या असे आता ठरले आहे. त्या मूलपेशी गेल्या महिन्यात गोठवलेल्या नळ्यांतून आल्या आहेत आणि पहिल्या वसाहती सध्या दाट होत आहेत.

मोजणीच्या पेटीत आता सकाळी पहिली प्लेट असते ती नुसत्या पाण्याची, चोवीस खळग्यांपैकी एकात तापमापकाची तार सोडलेली. ३७ अंश दिसले की घड्याळ लावून आणखी वीस मिनिटे थांबायचे, मग पट्ट्यांची प्लेट आत जाते. नव्याने आलेला एक विद्यार्थी परवा विचारत होता की इतका वेळ आपण पाणी का मोजतो. मी त्याला ती वही दाखवली आणि वाचून झाल्यावर खळगे वाटून देण्याचे काम त्याच्याकडे सोपवले, म्हणजे कोणती पट्टी कोठे आहे ते मला कळणार नाही.